‘मोठा’ म्हणजे किती मोठा?

मी एक जुनी शीट आहे. अंथरायची नव्हे, कॉम्प्युटरमधली. रकाने आणि ओळी एवढाच माझा संसार, आणि माझं नाव ‘नोंदी’. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारे सगळे गोड बोलतात हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री उसासे टाकते, फाटकं पुस्तक डोळे पुसतं. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेली आहे आणि का रागावले ते सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

सावली गावाच्या पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथल्या एका लहानशा ऑफिसात माझा जन्म झाला. जंगली जनावरांपासून गावांना सावध ठेवणं हे त्या ऑफिसचं काम. गावात कुणाला जनावर दिसलं की तिथे फोन यायचा. तो फोन घ्यायला करिष्मा नावाची मुलगी होती. वैनगंगेच्या काठची, मासे धरणाऱ्या घरातली. तिनंच मला उघडलं, माझ्यावर रकाने आखले. तारीख, गाव, फोन कुणाचा, कोणता प्राणी, कुठे दिसला, काय केलं. फोन आला की माझ्यात एक ओळ वाढायची.

करिष्माची एक सवय मला फार आवडायची. समोरचा माणूस जे बोलेल तेच ती लिहायची. त्यात आपलं शहाणपण घालत नसे. त्यामुळे माझ्या ओळी वाचल्या की माणसं बोलताना ऐकू यायची. ‘डुक्कर. रात्रीतून अर्धी बांधी उलथून टाकली, आता काय रोवू?’ ‘अस्वल. मोहाखाली आमच्या आधी येऊन बसलं अन उठाले तयार नाई.’ आणि मग अशीही एखादी ओळ यायची. ‘मोठा. तलावाच्या पाळीवर. पाणी पिऊन गेला.’

आता हा ‘मोठा’ कोण ते सांगते. जंगलात रोज पाय ठेवणारी माणसं वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो, आणि ऐकलं की येतो, असं ती मानतात. म्हणून ती त्याला नुसतं ‘मोठा’ म्हणतात. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. पण पहाटे अंधुक उजेडात, पाठीला टोपली लावून, एकट्यानं त्या झाडीत शिरून बघा आणि मग हसा. करिष्माही त्याच मुलखातली. तिच्या बोटांनाही ते नाव लिहायचा धीर होत नसे. लोक ‘मोठा’ म्हणायचे, ती ‘मोठा’ लिहायची, आणि त्यात कुणालाच काही कोडं पडत नव्हतं.

ते माझे सुखाचे दिवस. रोज सकाळी मनसाराम यायचे. ते सोबतीच्या पथकाचे मुख्य. काठ्या, शिट्ट्या आणि फटाके घेऊन त्यांची माणसं गावातल्या बायांबरोबर जंगलात जात. बाया मोहफुलं वेचायच्या, पथकवाले चारी बाजूंनी आवाज करत फिरायचे. मनसारामभाऊ खुर्ची ओढून बसत आणि विचारत, “काय म्हणते आपली नोंदी?” करिष्मा मला वाचून दाखवायची. कुठे ‘मोठा’ जास्त फिरतोय ते ऐकून ते पथक कुठे न्यायचं ते ठरवायचे. माझ्या एका ओळीसाठी माणसं गाडी वळवत होती. त्याहून मोठा मान मला नको होता.

सगळ्यांत जास्त फोन यायचे खैरटोल्याहून. जंगलाच्या पोटातली ती एवढीशी वस्ती. फोन गिरजाबाईंचा असायचा. बाई तोंडाच्या फटकळ, पण सांगायचं ते नेमकं सांगायच्या. कधीकधी त्यांच्या हातून फोन हिसकावून त्यांची धाकटी जाऊ रंभा बोलायची. रंभाला हसल्याशिवाय बोलताच येत नसे. तिची एक ओळ अजून माझ्यात आहे. ‘मोठा. रस्त्यात बसून होता. आमी बकऱ्या घेऊन थांबलो. उठेच ना. मंग जाऊबाईनं हात जोडले तं लाजून निघून गेला.’ ती ओळ लिहिताना करिष्माही हसली होती. मला अजून ती ओळ कुणी वाचली की बरं वाटतं.

मग निकेश आला.

निकेश वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. तो वरोऱ्याचा. तिकडे सगळा कापसाचा आणि सोयाबीनचा उघडा मुलूख. नागपूरला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेला. ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी मला एकदा उघडलं, थोडं खाली सरकवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “एवढं लांबलचक कोण वाचणार? मला एका पानात द्या.” निकेशनं होय म्हटलं आणि माझ्यावरून एक पिव्हट टेबल काढलं.

पिव्हट टेबल म्हणजे काय, तर माझाच सारांश. डावीकडे गावं, वर प्राणी, मध्ये आकडे. माझ्या शेकडो ओळी पिळून त्यानं चार बोटांचा तक्ता केला. माझ्यातूनच जन्मलेला, पण काय त्याचे लाड! त्याला रंग दिला, किनार दिली, छापून भिंतीवर लावला. पाहुणे आले की साहेब त्याच्यासमोर उभे राहून बोट फिरवायचे. त्यानं कधी फोन उचलला नव्हता, त्याला कुणाचं रडणं ठाऊक नव्हतं, आणि शाबासकी मात्र सगळी त्याला.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. लेकराचं कौतुक झालं तर आईनं जळू नये, हे मलाही कळतं. पण तक्ता बनवताना निकेशला प्राण्यांच्या यादीत वाघ, बिबट, अस्वल, डुक्कर यांच्याबरोबर ‘मोठा’ दिसला. तो स्वतःशीच हसला. “हे काय? प्राण्याच्या रकान्यात साइज भरून ठेवली.” लहान, मध्यम, मोठा यातला तो ‘मोठा’ असं त्याला वाटलं. चुकीची नोंद समजून त्यानं त्या शब्दापुढची टिक काढून टाकली. एक क्लिक. त्या क्लिकनं खैरटोल्याचे सगळे वाघ तक्त्यातून गेले.

करिष्मा दोन टेबलं सोडून बसली होती. “निकेश, हा मोठा म्हणजे काय?” एवढं विचारायला काय लागत होतं? उठावंसुद्धा लागलं नसतं. पण आपल्याला एखादा शब्द कळला नाही, यापेक्षा समोरच्यानं तो चुकीचा लिहिला, हे मानणं किती सोपं असतं!

मग त्यानं माझ्या नावावर उजवं क्लिक केलं आणि मला लपवलं. पुसलं नाही, फेकलं नाही, नुसतं लपवलं. करिष्माला भरायला एक फॉर्म दिला. ती त्यात लिहायची आणि ओळ आपोआप अंधारात माझ्याकडे येऊन पडायची. ‘मोठा, खैरटोला, विहिरीजवळ.’ ‘मोठा, खैरटोला, शाळेच्या मागं.’ मी त्या झेलत होते आणि वरती भिंतीवर, खैरटोल्यासमोर, वाघाच्या रकान्यात काहीच नव्हतं. कोरा चौकोन.

आणि वाघाचा आकडा सगळ्यांत जास्त कुठे होता, माहीत आहे? सफारीच्या गेटाजवळच्या गावात! तिथे लोक लांबून वाघ बघायला येतात. तिथले गाडीवाले, हॉटेलवाले दिवसभर ‘वाघ, वाघ’ करत असतात, त्याचं नाव घेण्यावरच त्यांचं पोट चालतं. ते गाडीतून वाघ बघतात आणि फोन करून मोठ्या हौसेनं नाव सांगतात. जे त्याला खरोखर भितात त्यांच्या तोंडून नाव निघत नाही. तक्त्याला हे कसं कळणार? तक्त्याला दिलं तेवढंच कळतं.

मोहफुलांचा हंगाम तोंडावर आला आणि साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. पथक खैरटोल्याहून हलवून गेटाजवळच्या गावात न्यायचं ठरलं.

मनसारामभाऊ धावत आले. “साहेब, खैरटोल्याच्या बाया आता मोहावर जातीन. त्याहिले सोडून कायले?”

“तिथे एकही वाघ नाही, मनसाराम. डेटा बघा.”

“साहेब, तिथी तं...” भाऊ अडखळले. नाव घ्यायचं कसं? “तिथी आहे, साहेब. मले माहीत आहे.”

“मला माहीत आहे यावर ऑफिस चालत नाही,” साहेब म्हणाले. भाऊंनी काठी उचलली आणि गेले. करिष्मानंही निकेशला एकदा विचारलं, “खैरटोल्यात काहीच काऊन नाई दिसत?” तो म्हणाला, “पिव्हट चुकत नाई. जे आहे तेच दाखवते.” ती गप्प बसली. मला तिचाही राग आला. एकदा विचारून गप्प बसणं म्हणजे विचारणं नव्हे.

मोहफुलं पहाटे गळतात. उन्हं चढायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खाऊन जातात. हंगाम थोड्याच दिवसांचा आणि वर्षाची मीठमिरची त्यावर. पथक गेलं तरी खैरटोल्याच्या बाया थांबणार नव्हत्या. म्हणून एके दिवशी गिरजाबाई स्वतः ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. पायांवर धूळ, पदर खोचलेला.

“आमचं पथक काऊन नेलं?”

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस सभ्य होता, तेच तर दुखणं. “बाई, तुमच्या गावातून तसे फोनच आलेले नाहीत.”

“फोन आले नाई? मंग इतके दिवस मी काय हवेशी बोलून राह्यली होती?”

साहेबांनी निकेशकडे पाहिलं. निकेशनं तक्त्यातल्या खैरटोल्याच्या एकूण आकड्यावर दोनदा क्लिक केलं. असं केलं की त्या आकड्यामागच्या ओळी उघडतात. पण टिक काढलेल्या ओळी त्यात येत नाहीत, आणि हे त्या घडीला त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं स्क्रीन बाईंकडे वळवली. “हे पाहा, तुमचे फोन आहेत. डुकराचे आहेत, अस्वलाचे आहेत.”

“डुकराचे सापडले अन मोठ्याचे नाई सापडले?”

“कुठल्या मोठ्याचे?” साहेबांनी विचारलं.

“मोठ्याचे!”

“किती मोठा, बाई?”

गिरजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “मोठा म्हणजे मोठाच, साहेब. त्याच्याहून मोठा कोणी नाई.”

“हे बघा, असं मोघम बोलून चालत नाही. तुम्ही वाघ पाहिला का? होय की नाही?”

बाईंनी झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले आणि दाराकडे पाहिलं. उद्या पहाटे त्यांना त्याच झाडीत जायचं होतं. त्यांनी होय म्हटलं असतं तर कदाचित पथक परत मिळालं असतं. पण होय म्हणणं म्हणजे त्याला आवतण देणं, ही त्यांची खात्री होती. साहेबांना वाटलं, बाई बगल देताहेत.

“नाव घेता येत नाही म्हणजे पाहिलेला नाही,” ते म्हणाले.

गिरजाबाई उठल्या. “तुमी इथी पंख्याखाली बसून त्याचं नाव घ्या, साहेब. आमाले त्याच्या घरातून जा लागते.” पाण्याचा पेला तसाच ठेवून त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मी आत कोंडलेली होते आणि सगळं ऐकत होते. माझ्यात त्या बाईचे कितीतरी फोन होते. मला ओरडता येत असतं तर त्या दिवशी ऑफिसचं छप्पर उडालं असतं.

साहेब जेवायला गेले तशी करिष्मा खुर्ची सरकवून निकेशच्या टेबलापाशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “मूळ शीट कुठी आहे?”

“कायले? तक्ता आहे ना.”

“तक्ता नको दाखवू मले. तो कशावरून काढला ते दाखव. गिरजाबाईचे फोन मी घेतले, ह्या हातानं लिवले. कुठी गेले ते?”

निकेशला माझी जागाच आठवेना, मला लपवून एवढे दिवस झाले होते. त्यानं तक्त्यावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत ‘चेंज डेटा सोर्स’ असं एक बटण असतं. ते दाबलं की तक्ता कुठून आला ते एका लहानशा चौकटीत येतं. चौकटीत माझं नाव आलं. नोंदी. मग त्यानं खालच्या नावांवर उजवं क्लिक करून ‘अनहाइड’ केलं आणि किती महिन्यांनी मी उजेडात आले.

करिष्मा खैरटोल्याच्या ओळींवरून बोट फिरवू लागली. मोठा. मोठा. मोठा. शाळेमागचा, विहिरीजवळचा, गिरजाबाईंनी लाजवलेला.

“हे तं साइजचं आहे,” निकेश म्हणाला. पण आवाज आधीसारखा नव्हता.

“साइज? निकेश, आमी कोणाले मोठा म्हणतो, तुले माहीत नाई?”

त्यानं विहिरीजवळची ओळ परत वाचली. मग हळूच म्हणाला, “वाघ?”

“नाव नको घेऊ!” ती एकदम बोलून गेली. आणि मग तिचं तिलाच रडू आलं.

निकेशनं टिक परत लावली. तक्ता हलला. खैरटोला तळातून उठून सगळ्यांत वर आला.  साहेब आल्यावर निकेशनं स्वतः उठून सांगितलं, “सर, माझी चूक झाली. पथक आजच परत पाठवा लागते.”

साहेबांनी तक्ता पाहिला, मान हलवली. “बरं झालं, वेळेत लक्षात आलं. पण आदेश बदलायला वरून सही लागेल. आज शुक्रवार. सोमवारी बघू.”

मित्रांनो, टिक लावायला एक क्षण लागतो. एवढ्या भयानक आकड्याकडे बघून ‘सोमवारी बघू’ म्हणायला कसलं काळीज लागतं, ते मला आजवर कळलेलं नाही. गाडी बाहेर उभी होती. मनसारामभाऊ एका फोनवर निघाले असते. पण मोठा माणूस रागावेल म्हणून लहान माणसं गप्प बसली, आणि त्याहून मोठा माणूस रागावेल म्हणून साहेब.

करिष्मानं गिरजाबाईंना फोन लावला. “बाई, पथक येऊन राह्यलं. सोमवारपर्यंत मोहावर जाऊ नका.”

“सोमवारपर्यंत झाडाखाली काय राहीन, माय? तू ढिवराच्या घरची, तुले सांगा लागते? मासळी आली तं तुह्या घरचे सोमवारची वाट पाहतेत का?” मागून रंभाचा आवाज आला, “तिले म्हणा, आमी त्याले हात जोडून घेऊ.” आणि ती हसली.

रविवारी पहाटे रंभा मोहावर गेली आणि परत आली नाही. बाकीच्या बायांना झाडाखाली तिची उपडी टोपली आणि सांडलेली फुलं सापडली. ती स्वतः दुपारी, नाल्याच्या पलीकडे सापडली.

सोमवारी सकाळी सही झाली. पथक खैरटोल्याला गेलं. गिरजाबाई ओट्यावर बसून होत्या. मनसारामभाऊंनी हात जोडले. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तुमची गलती नाई. पण आता आवाज कोणासाठी करता?” भाऊंनी हे ऑफिसात येऊन सांगितलं आणि तोंड फिरवून उभे राहिले.

करिष्मानं ती ओळ माझ्यात लिहिली. गाव खैरटोला. फोन गिरजाबाईंचा. प्राणी या रकान्यापाशी ती फार वेळ थांबली आणि तिनं ‘मोठा’च लिहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘रंभाले नेलं.’

साहेबांनी तक्ता ताजा करायला सांगितला. निकेशनं ‘रिफ्रेश’ दाबलं. खैरटोल्यासमोरचा आकडा एकानं वाढला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “आता बरोबर आहे ना? ती लांबलचक शीट लपवून टाका. छापताना मध्ये येते.”

“नाई, सर,” निकेश म्हणाला. “ती उघडीच राहीन.” तो वाढलेला एक त्याला पुसता येणार नव्हता. त्यानं त्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं. उघडलेल्या ओळींत रंभाची ती ओळ होती. तो ती वाचत बसला आणि त्या दिवशी त्यानं दुसरं काही काम केलं नाही.

मी अजून उघडी आहे. पण माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मला जपा, माझ्यावर माया करा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझ्या ओळींतली माणसं जपा. उद्या तुमच्यातलं कुणी शिकून मोठ्या खुर्चीवर बसेल. समोर सुबक तक्ता येईल, त्यात एखादा कोरा चौकोन असेल, आणि तो खरा मानणं फार सोपं वाटेल. तेव्हा विचारा, हे कशावरून काढलं? मूळ उघडा. त्यातला एखादा शब्द कळला नाही तर तो लिहिणाऱ्याला विचारा, त्याला वेडा समजू नका. आणि आकड्याखाली माणूस दिसला, त्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर उठा आणि गाडी काढा. सोमवारची वाट पाहू नका.